खिशावरचा डाग

“माणशी एकच नग! माणशी एकच!” काचेच्या दारापाशी उभा असलेला सिक्युरिटीवाला ओरडला, आणि आईने लगेच माझ्या कमरेत कोपर खुपसलं.

“बघ. तरीच म्हणलं, आज आईची एवढी आठवण कशी झाली.”

तिला मी बार्शीहून पुण्याला आणलं होतं ते ‘चार दिवस राहायला ये गं’ असं गोड बोलून. खरं कारण हे होतं की मला त्या दुकानातून दोन वस्तू हव्या होत्या, एक जॅकेट आणि एक कुर्ता, आणि एका माणसाला एकच मिळणार होती. म्हणजे माणसं दोन पाहिजेत. ऑफिसातल्या मैत्रिणी आपापल्यासाठीच रांगेत होत्या. राहिली आई.

मॉल उघडायला अजून तास होता. आमच्यापुढे साठेक जण असतील. दुकान तुम्हाला ठाऊक असेलच, कुठल्याही मोठ्या शहरात त्याच्या चार-चार शाखा आहेत. एरवी तिथे कुणीही जाऊन टी-शर्ट घेतं. पण त्या दिवशी एका बड्या डिझायनरबाईंनी खास त्या दुकानासाठी केलेले कपडे विकायला येणार होते. मोजकेच, एकदाच, पुन्हा नाही. जॅकेटं आणि कुर्ते एवढंच जाहीर झालं होतं, ते दिसतात कसे ते कुणाला दाखवलेलं नव्हतं. जाहिरातीत नुसता एक रिकामा हँगर आणि खाली ‘वारसा’ एवढं नाव. डिझायनरबाईंचं नाव मी इथे घेत नाही. घेऊन काय करायचंय.

आईने सकाळी धपाटे करून घेतले होते. रांगेत उभ्या उभ्या तिने डबा उघडला, पुढच्या निळ्या केसांच्या मुलीला एक दिला, आणि पाच मिनिटांत तिचं गाव, शिक्षण आणि लग्नाचं कुठवर आलंय हे काढून घेतलं.

“आई, हळू.”

“अगं, तीस वर्षं रेशनच्या रांगेत काढली मी. तू मला रांग शिकवू नगंस.”

मग त्या मुलीने विचारलं, “काकू, तुम्ही काय घेणार?”

“मी काय घेणार बाई? हिच्यासाठी हुबी हाय. मला कापडातलं एकच पायजे हुतं, ते गेलं.”

मी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

“काय गेलं काकू?”

आणि आईने सांगायला सुरुवात केली. ती गोष्ट ती कुणालाही सांगायची, भाजीवालीलासुद्धा. माझे वडील, आप्पा, एसटीत कंडक्टर होते. मी अकरावीत असताना गेले, ड्यूटीवरून आले आणि चहा पिता पिता गेले. त्यांचे खाकी शर्ट, एक धोतर आणि आईच्या लग्नातलं इरकल यांची तिने एक गोधडी शिवली. बरोबर मधोमध आप्पांच्या शर्टाचा खिसा बसवला. त्या खिशावर शाईचा डाग होता. पेन गळलं होतं. तो डाग काढायला आईने लिंबू, दूध, मीठ, सगळं करून पाहिलं होतं आणि त्यावरून आप्पांशी महिनाभर भांडली होती. ते गेल्यावर तोच डाग तिने मधोमध लावला.

“आन् कोपऱ्यात घास घातला,” आई म्हणाली.

“घास?”

“भाकरीचा तुकडा. कडक वाळवायचा, फडक्यात बांधायचा आन् कोपऱ्यात शिवायचा. आमच्यात तसंच करत्यात. पांघरूण उपाशी ठिवू न्हाई. उपाशी पांघरूण माणसाला काय ऊब देणार?”

“वाव,” ती मुलगी म्हणाली. “मग गेली कुठे गोधडी?”

“चोरली. बोहारणीनं.”

इथे मला थोडं मागचं सांगायला पाहिजे, कारण आईला तेव्हा जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

गोधडी बोहारणीने चोरली नव्हती. ती मी नेली होती.

कपड्यांच्या डिझायनिंगचा कोर्स केल्यावर मला मुंबईच्या एका स्टुडिओतून मुलाखतीला बोलावणं आलं. याच डिझायनरबाईंच्या. सोबत येताना घरातलं एखादं जुनं कापड आणा, ज्याला काही गोष्ट आहे असं, असं कळवलं होतं. आईला विचारलं असतं तर तिने मला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नसतं. मी ट्रंकेतून गोधडी काढली, पिशवीत कोंबली आणि मैत्रिणीकडे चाललेय असं सांगून गेले. मुलाखतीत मी फार छान बोलले. आयुष्यात पुन्हा कधी इतकं छान बोलले नसेन. आप्पांचं सांगताना माझा गळा दाटून आला, आणि मला आठवतंय, दाटून आलाय हे बरं झालं असंही मनात आलं. बाईंनी डागावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, “हे ठेवून जाशील? आठवड्यात परत पाठवते.” मला वाटलं, झालंच आपलं काम. मी ठेवून आले.

नोकरीही आली नाही आणि गोधडीही आली नाही. मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तिकडची मुलगी म्हणाली, “कोणती गोधडी?” मग माझी हिंमतच झाली नाही. पुढे नवरात्राच्या आधी, घट बसण्यापूर्वी घरातली पांघरुणं धुवायला आईने ट्रंक उघडली, आणि गोधडी नाही. आठच दिवसांपूर्वी हौसाबाई बोहारीण जुन्या कपड्यांच्या बदल्यात एक पातेलं देऊन गेली होती. आई म्हणाली, “तिच्याच बोचक्यात गेली. दिसली आसंल आन् गुमान घेतली आसंल.” आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “व्हय का न्हाई?”

मी म्हणाले, “असेल.”

एवढा एकच शब्द. दुसऱ्या आठवड्यात हौसाबाई गल्लीत आली तेव्हा आईने तिचं बोचकं ओढून रस्त्यावर उपडं केलं. लोकांचे जुने परकर, बनियनी, पोराटोरांची झबली सगळीकडे. हौसाबाई देवाची शपथ घेत होती आणि आई ‘सटवे, माझ्या मालकाचं कापड दे’ म्हणून ओरडत होती. सगळी गल्ली बघत होती. त्यानंतर आमच्या गल्लीत कुणी तिला कपडे दिले नाहीत, आणि ती यायचीही बंद झाली. मी दारात होते. दात घासत होते.

तर त्या बाईंच्या कपड्यांसाठी मी चार वर्षांनी रांगेत उभी होते, आणि वर आईला घेऊन. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला वाटायचं, त्यांनी मला घेतलं नाही तर नाही, निदान त्यांचं काहीतरी अंगावर असावं. कुरिअर कंपनीच्या ऑफिसात दिवसभर पार्सलांचे नंबर टाइप करणाऱ्या मुलीला असं वाटू शकतं. गोधडी तर कधीच कुठल्यातरी कपाटात कुजून गेली असणार, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

दार उघडलं. आमच्या मनगटाला हिरव्या कागदी पट्ट्या बांधल्या. वीस-वीस जणांना आत सोडणार, दहा मिनिटं, एक नग, बाहेर. आईने पट्टी डोळ्यांजवळ नेऊन बघितली. “दवाखान्यात बांधत्यात तशी हाय,” ती म्हणाली.

आमची पाळी आली. आत गेल्याबरोबर सगळे धावले. मीही धावले. जॅकेटं मधल्या लांब दांडीवर होती, तीस-चाळीस तरी असतील, एका पाठोपाठ एक. खरं सांगते, आधी मला ती आवडली. ठिगळाठिगळांची, गोधडीसारखी. अरे वा, असं मनात आलं. मी एक ओढलं आणि पाठीची बाजू समोर धरली.

खाकी तुकडा. त्यावर खिसा. खिशाच्या डाव्या कोपऱ्यात निळा डाग, वर रुंद आणि खाली टोक निघालेला, शेजारी दोन ठिपके.

मी हात मागे घेतला. भाजल्यासारखा. मग दुसरं जॅकेट वळवलं. तोच डाग, तेच दोन ठिपके. तिसरं. तोच. आप्पांच्या खिशावर गळलेलं पेन त्या दांडीवर चाळीस वेळा गळलं होतं. माझे कान बंद झाले. पोरी माझ्या खांद्यावरून हात घालून हँगर उचलत होत्या, ओरडत होत्या, आणि मला काही ऐकूच येत नव्हतं. चोर सापडला म्हणजे त्याला काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

पहिला विचार आला तो आईचा. तिला इथून बाहेर काढायचं. मी वळले. ती कुर्त्यांपाशी होती.

“आई, चल. काही नाही इथे. बोगस आहे सगळं.”

“अगं पण पट्टी बांधलीय. माझ्या वाटचा नग?”

“राहू दे. चल ना!”

मी तिचा हात ओढला. तेवढ्यात ती रांगेतली निळ्या केसांची मुलगी जॅकेट अंगात घालून आमच्यासमोरून आरशाकडे गेली. आईने तिची पाठ पाहिली.

आईचा हात माझ्या हातातून सुटला. ती हळूहळू दांडीपाशी गेली. एका जॅकेटवरच्या खिशावर तिने तळवा ठेवला. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर.

“ह्याच्यावर बी हाय,” ती म्हणाली. “ह्याच्यावर बी. जयू, ह्याच्यावर बी हाय.”

एका मुलीने नेमकं तेच जॅकेट तिच्या हाताखालून उचललं. आईने ते घट्ट धरलं.

“काकू, मी आधी घेतलंय!”

“सोड! माझ्या मालकाचा शर्ट हाय त्यो!”

आजूबाजूच्या दोघी-तिघी फिसकन हसल्या. मग आईचं तोंड बघून गप्प झाल्या. त्या मुलीने जॅकेट सोडलं. दुकानातली एक मुलगी धावत आली, काळा टी-शर्ट, छातीवर ‘अर्पिता’ असं नाव, वयाने विशीतली. बोलण्यावरून लातूरकडची वाटली.

“मावशी, काय झालं? पाणी देऊ का?”

“ह्ये कुठनं आलं? कुणी इकली तुमाला माझी गोधडी?” आणि उत्तराची वाट न बघता ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे लाल झाले होते, पण त्यात एक समाधानही होतं. इतक्या वर्षांनी आपलं खरं ठरल्याचं समाधान. “बघ! हौसाबाईच. म्हणत नव्हते मी? त्या भवानीनं इथवर पोचवली. व्हय का न्हाई?”

देवाने माणसाला दुसरी संधी देऊ नये. मिळाली की आपण कोण आहोत ते पक्कं कळतं.

“असेल,” मी म्हणाले.

अर्पिता बिचारी मदत करायला बघत होती. तिने जॅकेटला लटकवलेलं जाड कार्ड उलगडलं. “मावशी, यात सगळी माहिती आहे. इंग्लिशमध्ये आहे, मी सांगते ना.”

“नको,” मी म्हणाले. “नको, राहू द्या.”

“वाच,” आई म्हणाली.

आणि ती वाचायला लागली, एकेक वाक्य मराठीत करत, शाळेत धडा वाचावा तशी. “ही कहाणी एका गोधडीची आहे. बार्शी गावच्या एका तरुण मुलीने आपल्या आईच्या हातची गोधडी आम्हाला भेट दिली. तिचे वडील बस कंडक्टर होते. त्यांच्या खिशावरचा शाईचा डाग आम्ही जसाच्या तसा…” ती थांबली. तिने आधी आईकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“म्होरं वाच.”

“‘आम्ही ती गोधडी टाक्याटाक्याने उसवली. प्रत्येक तुकडा वेगळा करून…’”

“उसवली?”

“हो, म्हणजे, प्रिंट काढायला…”

“उसवली? मग त्यातला घास?”

अर्पिताला काही कळलं नाही. तिने कार्डाची मागची बाजूसुद्धा बघितली.

“कोपऱ्यात घास हुता. भाकरीचा. त्याचं काय केलं, लिवलंय का त्यात?”

“नाही मावशी. तसं काही नाही लिहिलेलं.”

आई माझ्याकडे वळली. मी तोंड उघडलं आणि एका दमात सांगून टाकलं, मुलाखत, ट्रंक, पिशवी, तीन फोन. भेट दिली नव्हती, परत देतो म्हणाल्या होत्या, हे मी दोनदा सांगितलं. जसं काही त्याने फरक पडणार होता. तिने मला तिथे, सगळ्यांसमोर, थोबाडीत दिली असती तर मी तिच्या पाया पडले असते. तिने हातही उचलला नाही.

“मी तिचं बोचकं रस्त्यावर उपडं केलं,” ती म्हणाली. “तुझ्यादेखत.”

मग तिने जॅकेटचा खालचा कोपरा चिमटीत धरला आणि दाबून पाहिला. एक कोपरा, मग दुसरा. ती काय शोधतेय ते त्या दुकानात मला एकटीलाच माहीत होतं.

“उपाशी हाय,” ती म्हणाली. आणि हातातली हिरवी पट्टी वर केली. “माझ्या वाटचा नग हाय ना? ह्येच घे.”

पुढे मी त्या स्टुडिओला पत्रांवर पत्रं लिहिली. पाच महिन्यांनी एक पाकीट आलं. त्यात इरकलाचे चार तुकडे आणि धोतराचे तीन, इस्त्री करून, पातळ कागदात घातलेले. खाकी नव्हता. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आई मॉलमधून निघाली ती माझ्या खोलीवर सामान घ्यायला आणि तिथून सरळ स्वारगेटला. एसटीत मी तिच्या शेजारच्या सीटवर होते. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा त्याच्या खिशाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बार्शीत तिने भाकऱ्या थापल्या. त्यातल्या एकीचा तुकडा मोडून तव्यावरच कडक केला, फडक्यात बांधला, जॅकेटचा कोपरा उसवून आत ठेवला आणि पुन्हा शिवला. मनगटाला ती हिरवी पट्टी तशीच होती. मग जॅकेट माझ्या हातात दिलं आणि चपला घातल्या.

हौसाबाईचं घर परांडा रोडच्या पलीकडे होतं. ती दारातच बसली होती, पुढ्यात स्टीलची भांडी टोपलीत रचत. खूप वाळली होती. आम्हाला बघून तिने टोपली आपल्याकडे ओढून घेतली. आपोआप, हात जातो तसा. ते मी अजून विसरलेले नाही.

आई उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. “बोल,” मला म्हणाली.

मी बोलले. मुंबईच्या मुलाखतीत जितकं छान बोलले होते तितकंच इथे अडखळत. माझं झाल्यावर आई खाली बसली, पदर पसरला आणि म्हणाली, “माझं चुकलं, हौसाबाई. तुझ्या पोटावर पाय आणला मी. जे बोलायचं ते बोल.”

“उटा वैनी,” हौसाबाई म्हणाली. “धुळीत बसू नगा.”

तिने माझ्या हातातून जॅकेट घेतलं. आणि तिच्या सवयीने, चाळीस वर्षं दारोदार करत होती तसं, ते उलटं केलं, शिवणी पाहिल्या, कापड उजेडात धरून चोळलं. खिशावर बोट ठेवलं, नखाने डाग खरवडला, बोटाकडे बघितलं.

“छापलाय,” ती म्हणाली. “कुनाच्याबी अंगावरचं न्हाई ह्ये. कुनी घालून झिजवलंच न्हाई. ह्याला माझ्याकडं वाटीबी यायची न्हाई वैनी.”

आई हसली की रडली ते मला कळलं नाही. आवाज दोन्हीचा होता. मग चाचपता चाचपता हौसाबाईची बोटं कोपऱ्यावर थांबली. तिने तो कोपरा दाबला, आईकडे पाहिलं, आणि जॅकेट नीट घडी करून आपल्या मांडीवर ठेवलं. परत दिलं नाही. मला वाटलं, संपलं. माझी छाती जरा हलकी झाली.

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. काहीतरी फार दिवसांचं आठवून बघावं तसं.

“पर तू तवा दारातच हुतीस की गं पोरी,” ती म्हणाली.